खडूची रेघ

काल हुमनाबादला बसची वाट बघत उभी होते. शेजारच्या दुकानापुढचं काँक्रीट कापायला मशीन सुरू झालं आणि भिजलेल्या सिमेंटच्या धुळीचा वास नाकात शिरला. हा वास एकदा आमच्या संतपूरच्या घरातही यायचा होता. मीच येऊ दिला नाही.

माझ्या वडिलांचे, अप्पांचे, पाय गेल्याला तेव्हा पाच महिने झाले होते. चाकाची खुर्ची दाराच्या उंच उंबऱ्याशी अडायची. उंबरा कापून बाहेर उतार करायला मी गावातला बांधकामाचा गुत्तेदार बोलावला. अप्पा सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. त्यांना पारावर जायचं होतं.

गुत्तेदारानं उंबऱ्यावर खडूनं रेघ मारली, मशीनला पाण्याचा पाइप जोडला. तेवढ्यात मला आठवलं, अमावस्या दोन दिवसांवर आहे.

"अण्णा, घराचा उंबरा हाय. अमावस्या होऊ द्या, मग कापा."

"अक्का, अर्ध्या तासाचं काम हाय. अप्पा कवापासून वाट बघायलेत."

मी ऐकलं नाही. कसली अमावस्या घेऊन बसले होते मी!

अप्पा हसले. "व्हय, बरोबर बोलायलीय पोरगी. मी कुठं पळून जायलोय?" म्हणाले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी चौघांनी त्यांना खांद्यावरून बाहेर नेलं. खडूची रेघ तशीच होती. उंबरा कुणालाच आडवा आला नाही.