घरातलं वाक्य

आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात कानाचं मशीन बसवून देणारे एक गृहस्थ आहेत. कॉम्प्युटरवर आवाज जुळला तरी त्यांचं समाधान होत नाही. सोबत आलेल्याला ते पेशंटच्या मागे उभं करतात. “हॅलो-वॅलो नको, भिया, घरी बोलता तेच बोला. मशीनला काम तर घरीच करायचंय ना.”

आईच्या वेळी बाबा मागे उभे राहिले. कित्येक वर्षं ते तिच्याशी ओरडूनच बोलत होते. सवयीने ओरडले, “चहा घेणार का?”

आई दचकली.

गृहस्थ कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, “मशीन बराबर आहे, काकाजी. आता तुमचा आवाज जरा कमी करा.”

बाबा घुटमळले. मग अगदी हळू म्हणाले, “चहा घेतेस?”

आई वळलीसुद्धा नाही. “अर्धा कप,” म्हणाली.