आईच्या आधी दिलेलं उत्तर

आई रोह्याहून, भावाच्या घरून, पेणला माझ्याकडे आली तेव्हा तिचे गुडघे सुजून भोपळा झाले होते. "लेकाला दिसलं नाय वाटतं हे?" मी ठसक्यात विचारलं. भावाशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नात मानपानावरून तो न जेवता निघून गेला होता. तो आईची काळजी घेत असेल, हेच मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, दुखण्यासाठी आणखी कुठली गोळी चालू आहे?" आईने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "कुठली असणार? तिकडे बघायला वेळ कोणाला आहे?" डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, दिवसातून दोनदा, जेवल्यावर. पोट दुखलं किंवा शौचाला काळं झालं तर गोळी थांबवून लगेच या, असंही बजावलं. मी मान डोलावली.

चार दिवसांत आई ओट्याशी उभी राहून तांदळाच्या भाकऱ्या थापायला लागली. मी शेजारणीला बोलावून दाखवलं. काय मिरवले मी त्या दिवशी!

सातव्या दिवशी सकाळी आई मोरीत कोसळली. तीन दिवस शौचाला काळं होत होतं, आणि ती बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलात सांगितलं, पोटात रक्तस्राव झालाय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कुठली औषधं घेतात या?" पुन्हा तोच प्रश्न. दोन वर्षांनी मी भावाला फोन लावला.

"गुडघ्याची गोळी चालू हाय ना तिची," तो म्हणाला. "मीच पिशवीत घालून दिलीय. का गो?"

मी घरी धावले. आईच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत ते पाकीट सापडलं. अर्धं संपलेलं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी ते आणि आमच्या डॉक्टरांच्या गोळीचं, अशी दोन्ही पाकिटं शेजारी धरली. नावं वेगळी, रंग वेगळे, आतलं औषध एकच. आई दोन्ही घेत होती.

भाऊ आला तोवर तिने डोळे उघडले होते. मला रडू आवरेना. "आई, डॉक्टरांना का नाय सांगितलंस गो?"

"तू नाय म्हटलंस त्यांना," ती हळू म्हणाली. "मग परक्या मानसासमोर तुला खोटी कशी पाडू? आणि त्याची गोळी सोडली असती, तर त्याला वाईट वाटलं असतं."

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी आई गेली.

आता नवऱ्याला डॉक्टरांकडे नेते तेव्हा घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत भरून नेते, अगदी पित्ताची गोळीसुद्धा. डॉक्टर त्याला विचारतात, आणखी काय चालू आहे. तो आठवत, अडखळत सांगतो. कितीही वेळ लागला तरी मी मधे बोलत नाही. आईला मी एवढंही बोलू दिलं नव्हतं.