हसणारे लोक कुठी हायेत?

नागभीडच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मी मोबाइलवर एका जुन्या कार्टून मालिकेचा अगदी सुरुवातीचा भाग लावला होता. एका कुटुंबाची गंमत होती ती. लहानपणी आम्ही भावंडं ती पाहून गडबडा लोळायचो.

शेजारी साठीची शिंगाडेवाली बाई बसली होती. हात सुरीने शिंगाडे सोलत होते, डोळे माझ्या मोबाइलवर. मी तो तिच्याकडे वळवला, तर सोललेला एक शिंगाडा तिनं माझ्या हातावर ठेवला.

पडद्यावर भाजी करपली म्हणून नवरा लाटणं घेऊन बायकोमागे धावला. तिच्या डोक्यावर फुग्याएवढं टेंगूळ आलं. मालिकेतला हशा उसळला. मीही मोठ्यानं हसलो.

तिची सुरी थांबली.

“हे हसून राह्यले ते लोक कुठी हायेत, बाबू?”

“दिसत नाहीत, बाई. नुसता आवाज टाकलेला असतो.”

“तिले मारून राह्यला, अन् कोनी अडवत नाई?”

“खोटं असतं ते.”

तिनं पदर मागे सारला. कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती.

“माह्या नवऱ्यानं कानातलं ओढलं, तवा आमच्या अंगनातबी लोक असेच हसत होते.”

मी मोबाइल बंद केला. गाडी आली. टोपली डोक्यावर घेऊन ती समोरच्याच डब्यात चढली. मलाही त्याच गाडीनं जायचं होतं. पण तिच्यासमोर जाऊन बसायचं धैर्य मला झालं नाही; मी मागच्या डब्याकडे वळलो.