डागामागची भिंत

"खोली अशी हवी, की मालकाला तिची आठवणच होऊ नये," असं रंगारी एकदा म्हणाला होता. टेम्पोच्या हौद्यात, बायकोच्या शिलाई मशिनला एका हाताने धरून तो बसला होता. तिसरं बिऱ्हाड मोडून दोघं चौथ्या खोलीकडे निघाली होती. बायकोला वाटलं, वैतागून बोलतोय. पण त्याचा आवाज थंड होता. हाताखालच्या नवख्या माणसाला पुट्टी किती पातळ कालवायची ते सांगावं, तसा.

वैतागायला कारण होतं. पहिली खोली त्याने लग्नानंतर हौसेने रंगवली. मालक सहज डोकावला, चारी भिंतींवरून नजर फिरवून म्हणाला, "अरे वा! एवढी चांगली खोली आहे होय आपल्याकडे?" आणि मालकाचा भाचा तिथे राहायला आला. दुसऱ्या खोलीचं दार अडकायचं. ते त्याने तासून नीट बसवलं, वर माळा घातला. माळा बघून मालकाच्या सासूबाईंचा त्या खोलीवर जीव जडला. तिसऱ्या खोलीत त्याने फक्त खिडकीची काच बदलली आणि मोरी दुरुस्त केली. तेवढंही पुरलं. दिवसभर लोकांची घरं चकाचक करणाऱ्या त्याच्या हातांना घरी आल्यावरही गप्प बसवत नसे, एवढाच त्याचा गुन्हा. स्वतःच्याच हातांनी त्याने दर वेळी स्वतःला बाहेर काढलं होतं.

चौथी खोली होती शहर संपून बस जिथे वळते आणि परत फिरते, त्या गावात. अर्धं गाव, अर्धी वसाहत. गोठे होते तिथे आता मागच्या खोल्या उठल्या होत्या, आणि प्रत्येक मागच्या खोलीत शहरात कामाला जाणारं कुणीतरी राहत होतं. खोलीचा मालक बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला. सगळं गाव त्याला कंडक्टरकाका म्हणायचं. नोकरी सुटली तरी त्याच्या तोंडातली बस काही सुटली नव्हती. दारावर तो मोजून दोनदा टकटक करी, ड्रायव्हरला घंटा दिल्यासारखी.

"या, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे," म्हणत त्याने खोली दाखवली. जागा भरपूर नव्हती. एक खोली, कोपऱ्यात ओटा, एक खिडकी, आणि खिडकीलगतच्या भिंतीवर छातीइतका उंच ओलीचा डाग.

"तो आमच्या न्हाणीचा," काका म्हणाला. "पलीकडे न्हाणी, अलीकडे डाग. चावत नाही."

बायकोने नाक मुरडलं. रंगाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. अशा खोलीची मालकाला कशाला आठवण होणार?

टेम्पोत काढलेला शब्द त्याने पाळला. इथे त्याने खिळासुद्धा ठोकला नाही. कामावरून यायचा, कोपरापर्यंतचे हात रॉकेलने पुसायचा आणि डागाकडे पाठ करून बसायचा. बायको लोकांचे कपडे कमीजास्त करून द्यायची. उजेड एका खिडकीतूनच येई, म्हणून मशीन त्या भिंतीला लागून. दिवसभर ती ओलीच्या कुशीत बसून शिवायची. हळूहळू तिला खोकला लागला. आधी सकाळचा, मग केव्हाही. टीप मारता मारता थांबावं लागे, नाहीतर सुई वाकडी जाई. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात ओल आहे का?"

"आहे थोडी."

"मग औषध मी देते. ओल तुम्ही घालवा."

संध्याकाळी तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. "अहो, दुनियेच्या भिंती कोरड्या करता. ही एक करा."

"केली की निघावं लागतं. माहितीये ना?"

"नाही केली तर मी एकटीच निघेन. कायमची."

ती हसत म्हणाली होती. पण हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. रंगाऱ्याने चहा घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. त्या खोलीत पहिल्यांदाच.

पुढच्याच आठवड्यात काका आणि काकू लेकीकडे महिनाभर राहायला गेले. त्यांची रिक्षा वळली तशी रंगाऱ्याने बाह्या वर केल्या. न्हाणीमागच्या बोळात न्हाणीच्या पाइपाचा सांधा उकललेला सापडला. मुठीएवढ्या सिमेंटचं काम. इतकी वर्षं कुणी वाकून पाहिलं नव्हतं. मग त्याने आतला गिलावा विटांपर्यंत खरवडला, भिंतीसमोर पंखा लावून ठेवला, हात लावून लावून ती सुकल्याची खात्री केली आणि नवा गिलावा चढवला. गिलाव्यावर पुट्टी, पुट्टीवर काचकागदाचा हात, मग प्रायमर. सगळं दार लावून. बायको धुळीत तोंडाला ओढणी बांधून बसली होती आणि तिला त्याही अवस्थेत बरं वाटत होतं.

"रंग कोणता देऊ?" त्याने विचारलं.

"पिवळा."

"दिसणार नाहीये तो. वर मी परत डाग काढणार आहे."

तिला कळेना. "कसला डाग?"

"होता तोच. काका आल्यावर त्यांना भिंत होती तशीच दिसली पाहिजे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. याला वेड लागलं म्हणावं, की इतक्या खोल्यांनंतर आता कुठे शहाणपण आलं म्हणावं? मग म्हणाली, "काढा. पण आत पिवळाच द्या. मला ठाऊक असलं म्हणजे झालं."

त्याने चकचकीत पिवळा तेलरंग दिला. तो वाळल्यावर वर चिमूटभर डिंक घातलेला नुसता पाण्यातला रंग घेतला: डागाच्या वर भिंतीचा जुनाच मळका पांढरा, खाली राख, तांबडी काव, काजळी, कडेला शेवाळी हिरव्याची एक पुसट रेघ. खरवडलेले जुने पोपडे त्याने डब्यात जपून ठेवले होते, ते एकेक करून चिकटवले. "ओलं फडकं फिरवलं की सगळं निघेल," तो म्हणाला. "जायच्या दिवशी पुसून जाऊ. पुढच्याला तरी कोरडी भिंत मिळेल."

काका परतला, दोनदा टकटक करून आत आला, लेकीकडची खुशाली सांगितली, डागाला टेकून उभा राहिला आणि गेला. दार लागल्यावर दोघं तोंडावर हात दाबून इतकी हसली, की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इतकं हसूनही खोकला आला नाही.

त्यांचे बरे दिवस ते तेवढेच. ती भिंतीला लागून शिवायची, कधी उगाच हात मागे नेऊन भिंतीला लावायची. कोरडी. डोळ्यांना सडलेली आणि हाताला ठणठणीत. त्या राखेच्या आड पिवळा रंग आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. तिला ते कपड्याआड लपवलेल्या दागिन्यासारखं वाटे.

बिघडलं ते रंगाऱ्याच्या हातांमुळेच. खरा डाग वाढतो, आकार बदलतो. आपला जागच्या जागी राहिला तर काकाला संशय येईल, असं त्याला वाटलं. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो ब्रश घेऊन डागाची कड थोडी पुढे सरकवायचा. आधी बोटभर. मग खाली ओघळ आले. मग मिठासारखी पांढरी फुलं. जन्मभर त्याने लोकांनी सांगितलेला एकच रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट मारला होता. स्वतःच्या मनाने काही काढायची ही पहिलीच वेळ. मागे सरकून, मान कलती करून तो डागाकडे बघत राही आणि हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे.

"पुरे आता," बायको म्हणायची. "डाग आहे तो, लेक नव्हे. किती वाढवाल?"

पण एका रविवारी त्याने तडा काढला. छताजवळून निघालेला, मध्ये अडखळून दोन वाटांनी फुटलेला, एका बाजूला केसाएवढी सावली असलेला. बायको पाणी भरून आली आणि दारातच दचकली. माहीत असूनही तिने क्षणभर छताकडे पाहिलं.

"पुसा तो," ती म्हणाली.

"बघ ना कसा आलाय."

"चांगला आलाय, म्हणूनच पुसा."

त्याने पुसला नाही. त्या दिवशी तरी त्याला तो पुसवला नाही, आणि मग राहून गेलं.

थोड्याच दिवसांनी गावाच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी मागच्या खोलीची भिंत पडली. भाडेकरू बाईचा पाय मोडला. त्या दिवसापासून गावातला प्रत्येक मालक आपापल्या मागच्या खोलीकडे वळून बघायला लागला. ज्या आठवणीला रंगारी जन्मभर घाबरला, ती अशा वाटेने आली.

सकाळची वेळ. दोनदा टकटक. काकाबरोबर गवंडी होता, कानावर पेन्सिल अडकवलेला. दोघं डागापुढे उभे राहिले. गवंड्याने जीभ टाळ्याला लावून च्चक केलं.

"कंडक्टर, हिचं तिकीट फाटलं."

"दुरुस्ती?"

"कसली दुरुस्ती? तडा बघा कसा उतरलाय. उतरवायची आणि नवी उभी करायची. सगळी खोलीच धरा."

काका वळला. चेहरा उतरला होता. "रंगारी, गाडी रिकामी करावी लागेल. लवकर. उद्या ही तुमच्या डोक्यावर आली तर मी तोंड कुठे लपवू?"

"नवी झाल्यावर आम्हालाच द्याल ना?" बायकोने विचारलं.

"बघू की," काका म्हणाला.

हे 'बघू' तिने तीन मालकांच्या तोंडून ऐकलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सांगा, असं तिचे डोळे म्हणत होते. त्याने मान अगदी थोडी हलवली. नाही. सांगितलं तर खोली चांगली ठरते, आणि चांगली खोली कधी आपल्याकडे राहिलीये? न सांगितलं तर ती पाडतात. दोन्हीकडून टेम्पोच. गप्प बसलं तर निदान खोटेपणा झाकला तरी राहत होता.

तेवढ्यात काका तिच्यासमोर आला. त्याने चक्क हात जोडले. या माणसाला बसबाहेरच्या भाषेत बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, तुमचा खोकला आमच्या न्हाणीत ऐकू यायचा मला. रोज. आणि मी म्हणायचो, थंडीचा असेल. मला कळत होतं ओ. या भिंतीशेजारी मी तुम्हाला बसवलं." त्याने जोडलेले हात कपाळाला लावले. "मला माफ करा."

खोकला खरा होता, न्हाणीही खरी होती. खोटी होती फक्त समोरची भिंत, आणि तिच्याकडे बघून एक म्हातारा रडकुंडीला आला होता. तिने खाली मान घातली. पलीकडे नवरा उठल्याचा आवाज तिला आला.

रंगाऱ्याने ओट्याखालची बादली ओढली, फडकं बुडवलं, पिळलं. फडकं कोणत्या दिवशी फिरवायचं ठरलं होतं, हे बायकोला पाठ होतं.

"अहो," ती म्हणाली. नुसतंच.

त्याने तड्यापासून सुरुवात केली. वरून खाली, सावकाश, जसा तो रंग देई तसा. तडा गेला. पांढरी फुलं गेली, ओघळ गेले. पोपडे टपटप जमिनीवर पडले. बादलीतलं पाणी आधी राखाडी, मग काळं झालं, आणि भिंतीतून पिवळा रंग असा वर आला, की खिडकीतला उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटला. गवंड्याच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. ती त्याने उचलली नाही.

काका पुढे झाला. बोटाने भिंत दाबली, मग पंजाने, मग मुठीने ठोकून पाहिली. दोनदा.

"कोरडी आहे," तो पुटपुटला. "केव्हापासून?"

रंगाऱ्याने फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

"मला येडा बनवलंत होय?" असं म्हणताना त्याला राग आला होता, पण राग पुरता चेहऱ्यावर पोचायच्या आधीच त्याची नजर भिंतीवरून सुटली. खिडकीकडे गेली. तिथून ओट्याकडे, छताकडे, जमिनीकडे, आणि फिरून पुन्हा पिवळ्या भिंतीवर येऊन थांबली. बायकोने ती नजर ओळखली. तीन वेळा पाहिली होती.

"अरे," काका हळूच म्हणाला, "खोली चांगलीच मोठी आहे की ही."

रंगाऱ्यानेही ते ऐकलं. त्याने फडकं पिळलं, बादलीच्या काठावर नीट पसरून टाकलं. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात काजळीचा एक ठिपका राहिला होता, तो त्याने अंगठ्याने पुसला. मग ओले हात पॅन्टला पुसत तो काकाच्या बाजूने, गवंड्याच्या बाजूने, बायकोच्या अगदी जवळून गेला आणि टेम्पो बघायला दाराबाहेर पडला.