येतो म्हणून गेलेली फौज

हिम्मतराव भानामती करतात, ही बातमी त्यांच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत इडलीच्या बंडीपर्यंत पोचली होती. जेवणाच्या टेबलावर बाहुल्या मांडतात, त्यांना टाचण्या टोचतात आणि भर दुपारी दार लावून कवड्या टाकतात म्हणे! गल्लीचं एवढंच चुकलं, की टाचण्या बाहुल्यांना टोचलेल्या नव्हत्या, त्यांच्या हातात दिलेल्या होत्या. भाले होते ते.

हिम्मतरावांची कोर्टातली पेशकारी, म्हणजे जज्जापुढे कागद मांडायची नोकरी, संपल्यावर ते आणि त्यांचे गौलीगुड्याचे दोस्त शशिकांत, या दोन म्हाताऱ्यांनी तार आणि एम-सीलची बोटाएवढी फौज घडवली होती. घोडेस्वार, हत्ती, पुठ्ठ्याचा भुईकोट. लढाई सुलतानांच्या काळातली, नियम मात्र घरचे. जितक्या कवड्या उताण्या, तितकी बोटं फौज पुढे. अर्ध्यावर उठणारा "जातो" म्हणाला तर हरला. "येतो" म्हणाला तर त्याची फौज जिवंत, आणि तो परतेपर्यंत त्याच्या कवड्या घरातलं माणूस टाकणार. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याकडे चहाला जायचं. "कोणतीही सबब चालणार नाही," हे शेपूट अर्थातच पेशकारसाहेबांचं.

उन्हाळ्यात एकदा शशिकांत डाव अर्धा टाकून उठले. चप्पल घालता घालता "येतो" म्हणाले. मराठी माणूस दारात दुसरं काय म्हणणार? घरी पोचले, आडवे झाले आणि गेले.

शशिकांतांचे दिवस झाल्यावर हिम्मतरावांनी अर्ध्या डावावर झाकलेली चादर काढली आणि कवड्या बायकोपुढे ठेवल्या.

"भामा, शशीच्या टाक."

"अहो, ते गेले ना!"

"येतो म्हणालाय."

शशिकांतांची एक खोड होती. कवड्या टाकण्याआधी ते मुठीत फुंकर मारायचे. भामाबाईंनी तसलं काही केलं नाही. पण मूठ उघडायच्या आत, बंद मुठीच्या आतूनच, बोटांना गार फुंकर लागली. सगळ्या कवड्या उताण्या पडल्या.

मग रोजच. भामाबाईंनी डाव्या हाताने टाकून पाहिल्या, हलकेच पालथ्या ठेवूनही पाहिल्या. त्या वळायच्याच. शशिकांतांचे घोडे हिम्मतरावांच्या कोटाला भिडले, आणि गवारीच्या शेंगा मोडता मोडता भामाबाईंचे हात थांबले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याकडे जायचं! आणि जिंकणारा आता कुठे असतो?

"आज तुम्हीच 'येतो' म्हणून उठा ना," त्या काकुळतीला आल्या.

"वेढ्यात अडकलेला राजा उठून जाईल कुठे? टाक."

गार फुंकर आली. कोट पडला, राजा आडवा झाला. हिम्मतराव उठले आणि इस्त्रीचा शर्ट घालू लागले.

"कुठे निघालात?"

"चहाला." त्यांची नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर होती.

भामाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "नियमात 'जिंकणाऱ्याकडे' आहे ना? मग भावजींचं घर गौलीगुड्यात आहे. तिथेच जायचं. आणि कवड्या मी टाकल्यात, मीही येणार."

पेशकारसाहेबांनी अर्ज मंजूर केला. ऑटोत भामाबाईंनी मनगट काही सोडलं नाही.

गौलीगुड्याला दार उघडंच होतं. शशिकांतांच्या पत्नी, सुलभाबाई, चहा गाळत होत्या. "या. आधण मघाशीच ठेवलं. सकाळपासून सारखं वाटत होतं, पाहुणे येणारेत. क्या की, बाई, कुणास ठाऊक का!"

कप चार होते. चौथा त्यांनी शशिकांतांच्या खुर्चीपुढे ठेवला, आणि आपण असं का केलं म्हणून स्वतःच बघत राहिल्या. चौथ्या कपावरची साय हलली, कुणी फुंकर घातल्यासारखी. पंखा बंद होता.

हिम्मतरावांनी आपला कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला. दारात खुर्चीकडे वळून म्हणाले, "येतो."

"इतक्यात नाही हं, भावजी," भामाबाईंनी घाईघाईने पुरवणी जोडली आणि नवऱ्याला ओढतच जिना उतरवला.

गोष्ट अर्थातच त्यांच्याआधी नल्लकुंट्याला पोचली होती. फाटकापाशी शेजारच्या ज्योतीबाईंनी गाठलंच. "काय पेशकारसाहेब, मेलेल्या माणसाकडून हरलात म्हणे!"

हिम्मतराव म्हणाले, "मेला तो शशी. नियम कुठे मेलेत?"