प्रकृती समाधानकारक

परळला मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी नंबर पुकारते. लालबागचे एक काका दर महिन्याला सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन यायचे. आल्या आल्या डॉक्टरांसाठी कागद द्यायचे: ‘विषय : मुलाच्या प्रकृतीबाबत. प्रकृती समाधानकारक आहे.’ सरकारी कचेरीतली सवय. पोच म्हणून झेरॉक्सवर माझी सही घेतल्याशिवाय बसायचे नाहीत. मुलगा बाकावर भिंतीशी पुटपुटत असायचा. डॉक्टरांसमोर मात्र गप्प.

“काका, खरं लिहा की,” मी एकदा म्हटलं.

“ताई, कागदावर आलं की जन्मभर चिकटतं. उद्या नोकरीला नडेल.”

गेल्या आठवड्यात मुलाने शेजाऱ्यांच्या डोक्यात बॅट घातली. ते त्याचे विचार चोरतात म्हणे. मुलगा आता सुधारगृहात आहे.

काल काका एकटेच आले. आजार जुना असल्याचा पुरावा वकिलांनी मागितला होता. त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रत्येक कागदावर समाधानकारक, प्रत्येकाखाली माझी सही. मग त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला.

बऱ्याच वेळाने मी त्यांचा नंबर पुकारला.

“पुढच्यांना सोडा, ताई,” ते म्हणाले. “अजून विषयच लिहितोय.”