पेठची बदली

माझ्या निरोप समारंभात चार भाषणं झाली आणि चारही सरांवरच झाली. सर तोवर वारले होते, तरीही. अध्यक्ष म्हणाले, आज सर असते तर त्यांना केवढं समाधान वाटलं असतं. माझ्या जागी येणारे मुख्याध्यापक म्हणाले, सरांच्या तालमीतला शेवटचा माणूस आज निघालाय. शाल माझ्या खांद्यावर, नारळ माझ्या हातात आणि सत्कार दुसऱ्याचाच चाललेला. मी हसतमुखाने बसून राहिलो. त्याची मला चांगली सवय होती.

हे सर म्हणजे शाळेतले माझे गणिताचे शिक्षक, पुढे माझे मुख्याध्यापक आणि त्यानंतर माझे सासरे. तिन्ही एकच माणूस. आठवीत त्यांनी माझा कान धरला आणि पुढे कुठल्या ना कुठल्या नात्याने तो धरूनच ठेवला.

आमचं घर नाशिकला लागून, मखमलाबादच्या अंगाला. वडील मळ्यात झेंडू आणि भाजीपाला करायचे आणि सकाळी बाजारात नेऊन विकायचे. मी मळ्यातच राहिलो असतो, पण सरांनी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं आणि पोराला शिकवा म्हणून बजावलं. तेव्हापासून वडिलांचं एकच पालुपद होतं, "सर म्हनतील तसं करायचं. आपल्याला काय कळतंय?" सर म्हणाले म्हणून मी विज्ञानाला गेलो. सर म्हणाले म्हणून बी.एड. केलं. त्यांच्याच शाळेत जागा निघाली तेव्हा अर्जसुद्धा त्यांनीच लिहिला, मी फक्त सही केली. मग एका रविवारी सर स्वतः मळ्यात आले, बाजेवर बसले आणि आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी मला मागणी घातली. वडिलांनी नुसती डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. माझं मत विचारायला हवं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मुलगी चांगली होती. त्याबद्दल माझी तेव्हा तक्रार नव्हती आणि आजही नाही.

लग्नानंतर वर्षभरातच सासूबाई गेल्या. सर एकटे पडले, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या घरी राहायला गेलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. सकाळी सरांच्या स्कूटरवर मागे बसून मी शाळेत जायचो. ज्यांना मी नववीत बीजगणित शिकवणार तीच पोरं फाटकाशी उभी राहून मला मुख्याध्यापकांच्या मागे बॅग पोटाशी धरून बसलेला बघायची. शिक्षकांच्या खोलीत निम्मे शिक्षक मला शिकवलेले. तिशी ओलांडल्यावरही ते मला "अरे, जरा चहाचं सांगून ये" म्हणायचे आणि बाकीचे "काय जावईबापू, आज सासुरवाडीला भाजी कुठली?" म्हणून हसायचे. संध्याकाळी जेवताना सर शांतपणे म्हणायचे, "नववी 'ब'मध्ये आज फार आवाज होता." माझा घास तोंडातच फिरायचा. ते खोलीत आले की मी उठून उभा राहायचो. शाळेत उभा राहायचो तसाच घरीही, ताटावरूनसुद्धा अर्धा उठायचो. बायको म्हणायची, "अहो, बसा ना, नानाच आहेत." तिला ते नाना होते. मला ते सर होते आणि सर बसल्याशिवाय मला बसता यायचं नाही.

सर वाईट असते तर मी केव्हाच भांडून बाहेर पडलो असतो. ते वाईट नव्हते. माझ्या आजारपणात ते उशाशी बसले होते. आमच्या मुलीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं. मला कधी टाकून बोलले नाहीत. अशा माणसापासून सुटायचं आहे असं म्हणायलासुद्धा तोंड नसतं. मी मात्र सुटायला तडफडत होतो. शाळेत तेच, घरी तेच, रस्त्यात कोणी ओळख करून दिली तर "हे सरांचे जावई". आरशात दाढी करतानादेखील मला वाटायचं, सर विचारतील, हनुवटीखाली राहिली आहे ती कोण करणार?

आमच्या शिक्षणसंस्थेची एक शाखा पेठ तालुक्यात डोंगरात होती. तिथली बदली म्हणजे शिक्षा, हे सगळे धरून चालायचे. कार्यवाहांच्या मर्जीतून कोणी उतरला की जूनमध्ये त्याची रवानगी पेठला. मग त्या माणसाच्या आईचा दमा उसळायचा, बायकोची पाठ धरायची, डॉक्टरांचे दाखले आणि पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या फिरायला लागायच्या. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. दहावीच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी मला आठवडाभर त्या शाळेत पाठवलं. घरी सगळ्यांनी मला सीमेवर निघाल्यासारखा निरोप दिला. बायकोने चिवडा, लाडू, गोळ्या, सगळं बांधून दिलं.

तिथे माझी जेवायची सोय शाळेजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी होती. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि वर मिरचीचा ठेचा. तो घरधनी वयाने थोराड. तो आत आला की मी सवयीने उठायचो. दोन दिवस त्याने बघितलं आणि मग म्हणाला, "गुरुजी, बसा की. सारखं काय उठता? इथं कोन बघतंय तुमाला?"

त्या संध्याकाळी मी शाळेच्या पायरीवर नुसत्या बनियनवर बसलो. समोर डोंगर, खाली वाळलेली भातखाचरं. कोणी काही विचारलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली. माझं वय चाळीस आणि मी असा एकटा, आपल्या मर्जीने, आजवर कधी बसलोच नव्हतो. परत येताना एसटी घाट चढत होती आणि मी ठरवून टाकलं होतं, काहीही करून पेठला यायचं.

ठरवणं सोपं होतं. बदलीचा अर्ज करायचा तर तो मुख्याध्यापकांमार्फतच जायचा. म्हणजे सकाळी ऑफिसात ज्यांच्या हातात "मला येथून हलवावे" हा कागद द्यायचा, संध्याकाळी त्यांच्याच शेजारी पाटावर बसून वरणभात खायचा. अर्ज लिहिला, महिनाभर बॅगेत घेऊन फिरलो आणि एक दिवस फाडून टाकला. बायकोला सांगावं म्हटलं तर तिच्या वडिलांना एकटं टाकून जायचं तिच्यापाशी बोलायचं कसं? तेव्हा एकच मार्ग उरला. शिक्षाच ओढवून घ्यायची.

पण तेही मला साधेना. उशिरा जावं तर जायचं मुख्याध्यापकांच्याच स्कूटरवर. वह्या तपासायच्या ठेवल्या तर सहकारी आपण होऊन तपासून देत, सरांच्या जावयावर बालंट नको म्हणून. वर्गात पोरांना सैल सोडलं तर पोरंच एकमेकांना गप्प करीत. नाशिकमध्ये त्या वर्षी वाईट शिक्षक व्हायला माझ्याइतका कोणी धडपडला नसेल आणि माझ्याइतकं अपयशही कोणाला आलं नसेल.

शेवटी कार्यवाहच मदतीला धावले. त्यांच्या घरी लग्नकार्य असलं की संस्थेच्या शिक्षकांनी पंगतीत वाढायला जायचं, अशी पद्धत होती. कोणी सक्ती करत नसे, पण न जायची छाती कोणाची नव्हती. सरांनी स्वतः कधी वाढलं नव्हतं, अक्षता टाकून ते परत यायचे. ते आपला मान असा राखून होते आणि कार्यवाहही त्यांच्यापुरतं चालवून घेत. हिवाळ्यात कार्यवाहांच्या मुलाचं लग्न निघालं. यादी घेऊन आलेल्या शिपायाला मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "मी शिक्षक आहे, वाढपी नाही. तसं सांग त्यांना." मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या शिक्षकांनी माझा हात दाबला. लोकांना मी फार बाणेदार वाटलो. मला फक्त पेठ हवं होतं.

एप्रिलच्या शेवटी आदेश आला. सरांनी तो ऑफिसात मला बोलावून दिला, पोच म्हणून सही घेतली आणि चष्मा पुसत बसले. मी बाहेर आलो, संडासात जाऊन कडी लावली आणि पोटभर हसलो.

घरी मात्र तोंड पाडून बसावं लागलं. बदली झालेल्या माणसाने तसंच बसायचं असतं आणि त्यात सरांसमोर आनंद दाखवायची काही सोय नव्हती. मी दोन घास कमी खाल्ले. उसासे टाकले. मुलगी तेव्हा चौथीत होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवत मी गप्प बसायचो. मनात मात्र सामानाची जुळवाजुळव चाललेली. स्टोव्ह, दोन गाद्या, पुस्तकं. तिथे भाड्याने खोली मिळेल का, हेही मी एका पेठच्या एसटी कंडक्टरकडे विचारून ठेवलं होतं. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते.

मे महिन्यात कार्यवाहांच्या मुलीचं लग्न झालं. मला त्याचं बोलावणं नव्हतंच. सर दुपारी टळटळीत उन्हात घरी आले, ते कोट हातावर टाकून. शर्टाच्या बाहीवर वरणाचा डाग होता. त्यांनी हातपाय धुतले आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या शिक्षकांनी मला रस्त्यात गाठलं. त्यांचा आवाज खाली आला होता. म्हणाले, "काल सरांनी पंगती वाढल्या. तीन पंगती. मी त्यांच्या हातातली मठ्ठ्याची बादली घ्यायला गेलो, तर सोडली नाही. आमचेच विद्यार्थी जेवायला बसले होते हो."

आठवड्यात बदली रद्द झाल्याचं पत्र आलं.

सरांनी ते मला घरी दिलं. ऑफिसात दिलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. म्हणाले, "झालं. आता मनावरचं ओझं काढून टाक आणि नीट जेव." मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. दुसरं काय करणार होतो? त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि मला रडू आलं. बायकोही डोळे पुसायला लागली. सरांना वाटलं, आम्ही कृतज्ञतेने रडतोय.

पुढची वर्षं मग गेली तशीच. ज्या माणसाने माझ्यासाठी बादली उचलली त्याला सोडून जायचा विचारही आता पाप होता. सर निवृत्त झाले, स्कूटर मी चालवायला लागलो आणि ते मागे बसून गिअर कधी बदलायचा ते सांगू लागले. मी पर्यवेक्षक झालो, नंतर मुख्याध्यापक. रोज संध्याकाळी त्यांना शाळेचा वृत्तांत द्यायचा. शेवटी दोन वर्षं ते अंथरुणाला खिळले, त्यांचं सगळं आम्ही दोघांनी केलं. कंटाळा केला नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. सर गेले आणि मला वाटलं, आता मोकळा झालो. पण मोकळं होऊन करायचं काय, ते मला शिकवलेलंच नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतली एक शिक्षिका नवऱ्याला घेऊन घरी आली. तिची पेठला बदली झाली होती. मी कार्यालयात शब्द टाकावा म्हणून आली होती. बोलता बोलता ती रडू लागली. मी म्हणालो, "जाऊन तर बघा. चांगला मुलूख आहे, माणसं चांगली आहेत." तिच्या नवऱ्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी चहाचं सांगायला उठलो. दोघं चहा न पिताच गेले.

ते गेल्यावर बायको माझ्यावर उखडली. ती मेथी निवडत बसली होती, हातातली जुडी तिने परातीत टाकली. "असं कोणी बोलतं का? स्वतःच्या वेळचं विसरलात? कसं तोंड करून बसला होता. जेवण जात नव्हतं तुम्हाला. ते बघवेना, म्हणून मीच नानांच्या मागे लागले."

मी विचारलं, "तू?"

"मग कोण? नाना तयारच नव्हते. म्हणाले, आयुष्यात कोणाच्या दारात गेलो नाही. तुम्हाला उपास सांगून मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा गेले." ती पुन्हा मेथीची पानं खुडायला लागली आणि खाली बघतच म्हणाली, "खरं सांगू? मला तर जायचं होतं. आपण तिघंच, आपलं आपलं घर. नानांना आत्या सांभाळायला तयार होती, मी विचारूनही ठेवलं होतं. पण तुमचा जीव तिथे रमला नसता, मग माझ्या हौसेला काय अर्थ?"

सगळं ओठांवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर तिने सोडून दिलेलं घर, तिचा दोन दिवसांचा उपास आणि तिच्या वडिलांच्या हातातली ती बादली, सगळं फुकट गेलं असतं, आणि तेही माझ्या खोट्या उसाशांपायी. इतकी वर्षं ती हे एकटीने मनात धरून होती आणि त्यात तिला आनंद होता.

"तुम्हाला नव्हतंच ना जायचं?" तिने मान वर करून विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो.